गावाच्या मालकीचे हॉटेल

ऑस्ट्रेलिया खंडाच्या आग्नेय भागातील पर्वतांमध्ये उगम पावून मरे नदी सुमारे अडीच हजार किलोमीटरांचा प्रवास करते आणि दक्षिण ऑस्ट्रेलिया राज्यात समुद्राला मिळते. या राज्यात ती शिरते त्या सरहद्दीजवळच, ॲडलेडपासून सुमारे अडीचशे किलोमीटरांवर, रेनमार्क नावाचे एक टुमदार गाव वसलेले आहे. सभोवार संत्र्यांच्या, जर्दाळूंच्या आणि द्राक्षांच्या बागा, मधून वाहणारे पाट, आणि काठावर उंच निलगिरीची झाडे, असा या गावाचा थाट आहे. नदीला समांतर जाणाऱ्या रस्त्यावर एक तीन मजली इमारत उभी आहे. तिचा दर्शनी भाग आर्ट डेको या नावाने ओळखल्या जाणाऱ्या शैलीचा आहे. एखाद्या आगबोटीचे मजले असावेत तसे तिचे सज्जे नदीच्या बाजूस उघडतात. हे रेनमार्कचे हॉटेल होय.

ऑस्ट्रेलियातील खेड्यापाड्यांत ‘हॉटेल’ या शब्दाचा अर्थ थोडा निराळा आहे. आपल्याकडे हॉटेल म्हटले की चहा-फराळाचे दुकान डोळ्यांपुढे येते. तिकडे हॉटेल म्हणजे पब, अर्थात मद्यगृह. दारूचा परवाना हवा असेल तर वाटसरूला निजावयास खोली आणि जेवावयास अन्न देण्याची सोय केली पाहिजे, असा तेथील वसाहतींच्या कायद्यांचा जुना दंडक होता. त्यामुळे गाव कितीही लहान असले तरी त्याच्या चौकात एक दुमजली इमारत असावयाची, तिच्या खालच्या मजल्यावर बार आणि वरच्या मजल्यावर मुक्कामाच्या खोल्या असावयाच्या, हे ठरूनच गेले होते. अशी शेकडो हॉटेले त्या देशात आहेत. त्यांतील पुष्कळशी एखाद्या व्यक्तीच्या मालकीची किंवा एखाद्या मोठ्या बिअर कंपनीशी करारांनी जखडलेली असत. रेनमार्कच्या हॉटेलाचे वैशिष्ट्य असे की ते १८९७ सालापासून गावाच्या मालकीचे आहे. ब्रिटिश साम्राज्यातील पहिले सामुदायिक हॉटेल असा त्याचा लौकिक आहे. त्याहून विशेष गोष्ट अशी की, ज्या गावाने हे मद्यगृह काढले ते गाव मुळात दारूबंदीचे गाव म्हणून वसविण्यात आले होते.

ही कथा पाण्यापासून सुरू होते. १८८० च्या सुमारास ऑस्ट्रेलियाच्या अंतर्भागात अवर्षणाने शेतकरी हवालदिल झाले होते. त्या वेळी व्हिक्टोरिया वसाहतीच्या मंत्रिमंडळात आल्फ्रेड डीकिन नावाचा एक तरुण मंत्री होता. हाच पुढे, १९०३ साली, ऑस्ट्रेलियाचा दुसरा पंतप्रधान झाला. पाटबंधाऱ्यांचा अभ्यास करण्यासाठी तो १८८५ साली कॅलिफोर्नियात गेला. पाण्याच्या शोधात असलेल्या या माणसाचे पाय काही वर्षांनी हिंदुस्थानालाही लागले. येथील कालवे पाहून त्याने ‘इरिगेटेड इंडिया’ हा ग्रंथ लिहिला. तो १८९३ साली प्रसिद्ध झाला. परंतु आपल्या कथेशी संबंध आहे तो त्याच्या पहिल्या प्रवासाचा. कॅलिफोर्नियात त्याची गाठ जॉर्ज आणि विल्यम चॅफी या बंधूंशी पडली. हे मूळचे कॅनडाचे. ओसाड जमीन घ्यावी, तीवर पाणी आणावे, जमिनीबरोबरच पाण्याचाही हिस्सा शेतकऱ्याला द्यावा, आणि अशा रीतीने आखीवरेखीव गाव उभे करावे, ही त्यांची पद्धत होती. ऑन्टॅरिओ नावाचे असे एक गाव त्यांनी १८८२ साली वसविले होते. तेथील जमिनीच्या खरेदीखतांतच दारूच्या विक्रीला मनाई करणारे कलम घातलेले होते.

चॅफी बंधू ऑस्ट्रेलियात आले. व्हिक्टोरियाच्या विधिमंडळात त्यांच्या योजनेवर वाद माजला. तेवढ्यात शेजारच्या दक्षिण ऑस्ट्रेलियाने संधी साधली आणि १८८७ च्या फेब्रुवारीत त्यांच्याशी करार करून अडीच लाख एकर जमीन त्यांच्या स्वाधीन केली. हीच रेनमार्क वसाहत. ऑस्ट्रेलियातील पाटाच्या पाण्यावरील सर्वांत जुनी वस्ती म्हणून ती ओळखली जाते. वर्षाकाठी दहा इंचांच्या आसपास पाऊस पडणाऱ्या त्या तांबड्या मातीत नदीचे पाणी वाफेच्या पंपांनी उचलून पाटांत सोडण्यात आले. ज्या माळावर खुरट्या झुडुपांवाचून काही नव्हते, तेथे द्राक्षवेलींचे मांडव उभे राहू लागले.

ऑन्टॅरिओप्रमाणे येथेही दारूला थारा द्यावयाचा नाही, असे संस्थापकांचे धोरण होते. त्यामागे केवळ धर्मभावना होती असे नव्हे. नवी वसाहत म्हणजे नवी जोखीम. झाड लावल्यापासून फळ हाती येईपर्यंत चार-पाच वर्षे जावयाची. तोवर शेतकऱ्याने काटकसरीने आणि नेटाने दिवस काढावयाचे. अशा वेळी गुत्ता जवळ असेल तर मजुराची मजुरी आणि शेतकऱ्याची शिल्लक दोन्ही त्यात बुडतील, ही भीती खोटी नव्हती. शिवाय तो काळ मद्यपाननिषेधाच्या चळवळीच्या ऐन भराचा होता. दक्षिण ऑस्ट्रेलियात या चळवळीत स्त्रिया अग्रभागी होत्या, आणि स्त्रियांना मताचा अधिकार मिळविण्याच्या लढ्यातही त्यांचाच वाटा मोठा होता. १८९४ च्या डिसेंबरात तेथील स्त्रियांना मतदानाचा आणि त्याबरोबरच विधिमंडळात उभे राहण्याचाही हक्क मिळाला, आणि १८९६ च्या निवडणुकीत त्यांनी तो मतदानाचा हक्क प्रथम बजावला.

परंतु कायदा कागदावर असतो आणि तहान घशात असते. उन्हाळ्यात चाळीस अंशांच्या वर तापणाऱ्या त्या गावात, दिवसभर पाट खणणारी माणसे संध्याकाळी काय करणार? नदीवरून आगबोटींची वर्दळ होती. बोटींबरोबर बाटल्या येत. झोपड्यांतून, तंबूंतून, झुडुपांच्या आडोशाने चोरटी दारू विकली जाऊ लागली. ती महाग असे, भेसळीची असे, आणि तिच्या पायी होणाऱ्या दंग्यांची दाद मागावयास जागा नसे, कारण मुळात ती दारू अस्तित्वातच नाही असे मानण्यात आले होते. बंदीने दारू गेली नाही. गेली ती केवळ दारूवरची देखरेख.

याच सुमारास वसाहतीवर दुसरे संकट कोसळले. १८९३ साली ऑस्ट्रेलियातील बँका धडाधड बंद पडल्या. शेतमालाला भाव मिळेना, तो बाजारात नेण्याची सोय अपुरी पडू लागली, पाट पाझरू लागले. १८९५ च्या अखेरीस चॅफी बंधूंची कंपनी बुडाली. जॉर्ज चॅफी अमेरिकेस परतला. विल्यम मात्र व्हिक्टोरियातील मिल्ड्युरा या जुळ्या वसाहतीत राहिला, आणि १९२० साली तो तेथील पहिला महापौर झाला. रेनमार्कच्या शेतकऱ्यांपुढे दोनच मार्ग होते: गाव सोडून जाणे, किंवा पाणी आपल्या हाती घेणे. त्यांनी दुसरा मार्ग पत्करला. १८९३ च्या कायद्याने स्थापन झालेल्या रेनमार्क पाटबंधारे न्यासामार्फत शेतकरी स्वतःच पंप आणि पाट चालवू लागले. पाण्यासारखी जीवनावश्यक वस्तू सर्वांच्या मालकीची करून चालविता येते, हा धडा त्या गावाने असा ठेचा खाऊन गिरविला. आणि जे पाण्याच्या बाबतीत साधते ते दारूच्या बाबतीत का साधू नये, हा प्रश्न त्यानंतर चारच वर्षांनी गावापुढे उभा राहिला.

या प्रश्नाचे एक उत्तर युरोपात तयार होते. स्वीडनमधील गोथेनबर्ग शहराने १८६५ साली एक प्रयोग केला होता. खासगी गुत्तेवाल्यांऐवजी दारूविक्रीचा अधिकार एकाच संस्थेला द्यावयाचा. भांडवल घालणाऱ्यांना ठराविक व्याजापलीकडे काही मिळू द्यावयाचे नाही. उरलेला नफा सार्वजनिक कामांकडे वळवावयाचा. यातील मर्म साधे होते. गुत्त्याच्या मालकाला गिऱ्हाईक जितके अधिक पिईल तितका लाभ अधिक. म्हणून तो पेला रिकामा राहू देत नाही. पगारी व्यवस्थापकाला मात्र गिऱ्हाइकाला आग्रह करण्याचे कारण उरत नाही. दारूतून खासगी लोभ वेगळा काढला की तिची निम्मी नांगी मोडते, असा हा सिद्धांत होता. स्कॉटलंडमधील फाइफ परगण्यात खाणकामगारांच्या वस्तीत १८९६ साली अशा धर्तीचे मद्यगृह निघाले. पुढल्याच वर्षी पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला, मरे नदीच्या काठी, रेनमार्कच्या गावकऱ्यांनी तोच विचार अमलात आणला. परवाना एखाद्या बाहेरच्या मालकाच्या खिशात जाऊ न देता गावाने स्वतःकडे घेतला. कारभारासाठी गावकऱ्यांची समिती नेमली गेली, आणि नफा गावाच्या कामी लावावयाचा असे ठरले.

या निर्णयावर दोन्ही बाजूंनी टीका होण्यासारखी होती. पिणाऱ्याला वाटावे की आपल्या पेल्यावर पंचांची नजर बसली. न पिणाऱ्याला वाटावे की आपल्याला आता नकळत भागीदार करून घेतले. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. खासगी गुत्त्याची कमाई एका माणसाच्या माथी असते. सामुदायिक मद्यगृहाची कमाई बागेतल्या बाकावर, नदीकाठच्या हिरवळीवर, रुग्णालयाच्या खाटेवर पसरते. जो थेंबही घेत नाही तोही त्या बाकावर बसतोच. गावाने दारूला वेसण घातली की दारूने गावाला, हा प्रश्न रेनमार्कच्या हॉटेलाच्या पायाशी पहिल्या दिवसापासून पडून आहे.

काळाने त्या प्रश्नाला आणखी धार आणली. पाटाच्या पाण्यावर द्राक्षे उदंड पिकू लागली. बेदाणे वाळवून उरलेल्या द्राक्षांचे करावयाचे काय? १९१० साली अँगोव्ह घराण्याने रेनमार्कला मद्यार्काची भट्टी उभारली. १९१६ साली द्राक्ष उत्पादक शेतकऱ्यांनी एकत्र येऊन स्वतःची सहकारी डिस्टिलरी काढली. अशा रीतीने दारूबंदीच्या पायावर उभे राहिलेले गाव तीस वर्षांच्या आत ब्रँडीसाठी नावाजले जाऊ लागले. यात कोणी ढोंग केले असे म्हणता येणार नाही. शेती, पाणी, पीक आणि बाजार यांच्या साखळीत एक कडी दुसरीला ओढत जाते, आणि मूळ संकल्प करणाऱ्याच्या इच्छेला तेथे फारसे कोणी विचारीत नाही. साखर कारखान्यांच्या मळीचा इतिहास ठाऊक असलेल्या मराठी श्रोत्यांना हे निराळे सांगावयास नकोच.

त्याच १९१६ साली दक्षिण ऑस्ट्रेलियात दुसरा एक कायदा अमलात आला. महायुद्ध चालू होते. सैनिक आघाडीवर मरत असताना घरी राहिलेल्यांनी रात्री उशिरापर्यंत पिणे शोभत नाही, या भावनेने आदल्या वर्षी सार्वमत घेण्यात आले होते. त्याच्या कौलानुसार बार संध्याकाळी सहा वाजता बंद होऊ लागले. हेतू चांगला होता. परिणाम विपरीत झाला. काम पाच वाजता सुटे, बार सहाला बंद होई. त्या एका तासात पुरुषांची झुंबड उडे, आणि जमेल तितके घशाखाली उतरविण्याची शर्यत लागे. या घाईचा ठसा मद्यगृहांच्या बांधणीवरही उमटला. लांबच लांब बार, उभे राहून पिण्यासाठी मोकळी जागा, बसावयास आसने कमी, आणि सहज धुता याव्यात म्हणून चकचकीत फरशांनी मढविलेल्या भिंती! ऑस्ट्रेलियातील त्या काळच्या मद्यगृहांतील ज्या रंगीत फरशांचे आज कौतुक होते, त्यांच्यामागे सौंदर्यदृष्टीइतकाच पाण्याच्या नळीचा विचार होता. इतर राज्यांनी एकामागून एक हा नियम सोडला. दक्षिण ऑस्ट्रेलियाने तो सर्वांत शेवटी, १९६७ साली, रद्द केला.

रेनमार्कच्या हॉटेलाला आजचे रूप आले ते या दोन टोकांच्या मध्ये, १९३० च्या दशकात. तत्पूर्वी १९२७ साली पॅरिंगा येथे मरे नदीवर पूल झाला होता आणि त्याच सुमारास रेनमार्कजवळ नदीवर जलपाशही बांधून पुरा झाला होता. आगबोटींचे युग मावळत होते आणि मोटारींचे उगवत होते. फळांचे व्यापारी, फिरते विक्रेते, हौशी प्रवासी यांची ये-जा वाढली. जुनी वास्तू अपुरी पडू लागली, तेव्हा गावाने नव्या जमान्याला शोभेल असा मुखवटा तिला चढविला.

हा मुखवटा आर्ट डेको शैलीचा असावा, हे त्या काळाला धरूनच होते. १९२५ साली पॅरिसला भरलेल्या प्रदर्शनाने ही शैली जगभर पसरविली; तिला आर्ट डेको हे नाव मात्र पुढे १९६० च्या दशकात रूढ झाले. आडव्या रेषांची लय, गोलाईदार कोपरे, नक्षीकामापेक्षा आकाराच्या साधेपणावर भर, आणि आगबोट, मोटार, विमान यांच्या वेगाचा भास, ही तिची लक्षणे. मुंबईच्या मरीन ड्राइव्हवरून किंवा ओव्हल मैदानाच्या कडेने ज्यांनी एकदा फेरफटका मारला आहे त्यांना ती ओळखीची वाटेल. तेथील इमारती त्याच दशकांतल्या असून २०१८ साली युनेस्कोने त्यांचा जागतिक वारशात समावेश केला. मुंबईत या शैलीने नव्या मध्यमवर्गाच्या सदनिका आणि चित्रपटगृहे घडविली. ऑस्ट्रेलियाच्या खेड्यांत ती चित्रपटगृहांच्या बरोबरीने मद्यगृहांतून अवतरली. मंदीने पिचलेल्या शेतकऱ्याला शहराचे, विजेच्या दिव्यांचे, आधुनिकतेचे पहिले दर्शन पुष्कळदा याच दारातून घडले. परंतु अन्य गावांतील असे दर्शनी भाग एखाद्या मालकाचे किंवा कंपनीचे वैभव मिरवीत. रेनमार्कच्या सज्ज्यांत मिरवला तो गावाचा सामायिक अभिमान. हे यश पाहून मरेकाठच्या बेरी, बार्मेरा, वायकेरी, लॉक्स्टन इत्यादी गावांनीही सामुदायिक हॉटेले काढली, आणि बरोसा खोऱ्यातील नुरिऊट्पा या गावानेही तोच कित्ता गिरविला.

येथे एक गोष्ट मात्र स्पष्ट केली पाहिजे. ‘गाव’ या शब्दात कोण कोण येत होते? मताचा हक्क ऑस्ट्रेलियात सर्वांआधी मिळविणाऱ्या त्या राज्यातील स्त्रियांना सार्वजनिक बारमध्ये पुरुषांच्या शेजारी उभे राहण्याची मुभा रूढीने नाकारली होती. बारवर नव्या स्त्रियांना नोकरीस ठेवण्यासही १९०८ च्या कायद्याने बंदी घातली. ती १९६७ पर्यंत टिकली. ज्यांच्या पूर्वजांनी हजारो वर्षे त्या नदीकाठी मासे पकडले, त्या आदिवासींना तर दारू विकणेच कायद्याने गुन्हा होता, आणि हे निर्बंध १९६० च्या दशकापर्यंत राहिले. ज्या इमारतीवर सर्वांची मालकी सांगितली जात होती, तिचा उंबरठा सर्वांना सारखा नव्हता. समुदायाच्या नावाने चालणाऱ्या प्रत्येक संस्थेला हा प्रश्न विचारावा लागतो, आणि त्याचे उत्तर इमारतीच्या दर्शनी भागावर लिहिलेले नसते.

तरीही समुदाय या शब्दाला खरा अर्थ कधी येतो, हे रेनमार्कने १९५६ साली पाहिले. त्या वर्षी मरे नदीला असा पूर आला की तसा पूर लिखित इतिहासात दुसरा नोंदलेला नाही. पाणी एका रात्रीत आले नाही; आठवड्यामागून आठवडे ते इंचाइंचाने चढत राहिले. गावकरी, सैनिक आणि दुरून आलेले स्वयंसेवक यांनी रात्रंदिवस खपून मातीचे बांध उभारले. ते खचले तेथे पुन्हा भरले. ज्या नदीने गाव जगविले तीच ते बुडवावयास निघाली होती. २०२२ च्या डिसेंबरात पुन्हा मोठा पूर आला, १९५६ नंतरचा सर्वांत मोठा. आणि पुन्हा बांधांवर माती पडू लागली. दोन्ही वेळा नदीकाठचे ते हॉटेल पुराच्या तोंडाशीच होते. ते आजही उभे आहे.

आणि त्याच्या पायाशी पडलेला तो जुना प्रश्नही तसाच आहे. त्याने केवळ वेष पालटला आहे. १९९४ साली दक्षिण ऑस्ट्रेलियात हॉटेलांमध्ये जुगाराची यंत्रे ठेवण्यास परवानगी मिळाली. त्या राज्यात हॉटेलांची कमाई आता केवळ पेल्यांतून होत नाही. नाणी गिळणाऱ्या यंत्रांतूनही होते. सामुदायिक हॉटेलापुढे त्यामुळे १८९७ चाच पेच नव्याने येतो: शेजाऱ्याच्या दुबळेपणातून आलेला पैसा शेजाऱ्याच्याच मुलांच्या क्रीडांगणावर खर्च केला, तर हिशेब फिटला असे मानावयाचे काय?

रेनमार्कच्या संस्थापकांनी या पेचाला ‘बंदी’ असे उत्तर दिले, आणि ते कोलमडले. त्यांच्यामागून आलेल्यांनी ‘मालकी’ असे उत्तर दिले. ते टिकले, पण त्याने प्रश्न संपविला नाही, घरात आणून ठेवला. कदाचित त्याचे खरे मोल यातच असावे. खासगी गुत्त्याचा हिशेब मालकाच्या पेटीत बंद असतो. गावाच्या हॉटेलाचा हिशेब मात्र गावापुढे मांडावा लागतो, आणि तो ऐकताना नफ्याच्या आकड्याबरोबर त्या नफ्याची उगमस्थानेही प्रत्येकाला आठवावी लागतात. बहुतेक गावे आपल्या व्यसनांकडे पाठ फिरवून बसतात. रेनमार्कने आपल्या व्यसनासाठी नदीसमोर, भर रस्त्यावर, तीन मजली वास्तू बांधली, आणि तिची जबाबदारी स्वतःच्या नावावर लिहून घेतली.